कारखानीसांचा द

गुरुदत्त कारखानीस चौतीस वर्षं कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात, रेकॉर्ड रूममध्ये होते. त्या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही फाइल गहाळ झाली नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत. ते काम त्यांची बायको मीना करायची, आणि तेही टोमणा म्हणून. "रेल्वेचा कागद हरवला नाही कधी. घरातली कात्री मात्र लग्नापासून सापडत नाहीये."

निवृत्तीनंतर दोघं बेहाल्यालाच राहिली. मुलगा उन्मेष हैदराबादला नोकरीला. त्याची मुलगी नूपुर मात्र कोलकात्यातच शिकली, वाढली आणि इथल्याच एका संशोधन संस्थेत लागली, म्हणून आजी-आजोबांकडे राहायची. शाळेत तिला इंग्रजी आणि बंगाली होतं. देवनागरी तिला आजोबांनी शिकवली, रविवारच्या रविवार, स्वतः कित्ता घालून. बोलताना ती अजूनही "मी चहा खाल्ला" म्हणायची, कारण बंगालीत चहा खातातच. आजी हसायची आणि म्हणायची, "खा हो, चावून खा."

कोजागिरी होऊन दोनतीन दिवस झाले असतील. नूपुर लॅपटॉप घेऊन आजोबांच्या खुर्चीशेजारी येऊन बसली.

"आजोबा, मला ब्रह्मदेशातले पक्ष लावून द्याल?"

"पक्षी?" आजी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पक्ष गं आजी. राजकारणातले."

"हात्तिच्या! पक्षी असते तर मीही आले असते बघायला."

गुरुदत्तांनी चष्मा पुसला. एकोणीसशे आठच्या पुढची मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षं आणि जुन्या कपाटांचं सागवान, यापलीकडे मराठी माणसाला ब्रह्मदेश कुठे ठाऊक असतो? त्यांनाही नव्हता. पण लावून द्यायचं काहीतरी आहे एवढं ऐकूनच ते सरसावून बसले.

नूपुरनं सांगितलं ते असं. दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत तिथल्या लष्करानं निवडून आलेल्यांना बाजूला सारून सत्ता घेतली. दोन वर्षांनी नवा कायदा आणला: सगळ्या पक्षांनी साठ दिवसांत पुन्हा नोंदणी करायची, नाहीतर पक्ष रद्द. मार्चच्या अखेरीला एका दिवसात चाळीस पक्ष रद्द झाल्याचं जाहीर झालं. आता कोणता पक्ष कुठे उभा आहे याची यादी तिच्या संस्थेला करायची होती. तिनं तीन रंग केले होते. लष्कराच्या बाजूचे हिरवे, विरोधातले तांबडे आणि मधले पिवळे. दोन महिन्यांत पिवळा रंग उतू जायला लागला होता.

"हे पिवळे म्हणजे कोण?" आजोबांनी विचारलं.

"ज्यांचं काही कळत नाही ते."

"कळत नाही हा त्या पक्षाचा गुण नाही, बाळा. तो आपला दोष आहे. त्याचा कप्पा वेगळा ठेवायचा." ते स्क्रीनवर वाकले. "आणि हा तांबडा का?"

"नोंदणी केली नाही ना त्यांनी."

"नोंदणी केली नाही म्हणजे विरोध केला? माझ्याकडे लोक अर्ज करायचे नाहीत, त्यातले निम्मे आळशी असायचे, काही मेलेले असायचे आणि काहींपर्यंत नोटीसच पोचलेली नसायची."

मग तिनं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून लाकडी खण उतरला. कार्यालयाचं जुनं सामान विकायला काढलं तेव्हा रीतसर पावती करून आणलेला हा खण. त्यात कोरी कार्डं अजून चारशेच्या वर होती. एका पक्षाला एक कार्ड. वर नाव, खाली जे जे कळलं ते तारखेसकट, आणि उजव्या कोपऱ्यात एकच शब्द. हा त्यांच्या रेकॉर्ड रूमचा नियम. कोपऱ्यात दोन शब्द दिसले की समजायचं, कारकुनाचं मन ठरलेलं नाही.

शब्दही त्यांनीच काढले, आणि मराठीत काढले, कारण विचार करायला तीच भाषा बरी असं त्यांचं मत होतं. लष्कराच्या बरोबर चालणारे ते 'साथ'. मुकाट्यानं पुन्हा नोंदणी करून मोकळे झालेले ते 'नोंद'. अर्धे इकडे, अर्धे तिकडे झाले ते 'फूट'. ज्यांचा पक्षच उरला नाही ते 'बंद'. लष्कराची सत्ता मानत नाही असं उघड सांगून उठावाला जाऊन मिळालेले ते 'बंड'. आणि ज्यांच्याविषयी काहीच ऐकू येत नव्हतं ते 'गप्प'.

त्या दोन महिन्यांत गुरुदत्तांची तब्येत सुधारली असं मीनाताईंचं म्हणणं. सकाळी वर्तमानपत्राआधी खण उघडायचा. एकाच नावाचे तीन तीन पक्ष, फक्त पुढे एक शब्द कमीजास्त; एखाद्याचा अध्यक्ष तुरुंगात तर उपाध्यक्ष लष्कराच्या समितीत. "अगं, हा बघ," ते मध्येच हाक मारायचे, "यानं नोंदणी केली आणि तिसऱ्या दिवशी राजीनामा दिला!" मीनाताई हातातली वाटी घेऊन यायच्या आणि बघायच्या. "बायकोनं झापलं असेल," त्या म्हणायच्या. ही शक्यता गुरुदत्त कार्डावर लिहीत नसत, पण हसून मान डोलवायचे.

ब्रह्मी नावं तपासायला आठवड्यातून एकदा खिन मे यायच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, नीट विंचरलेल्या केसांच्या. त्यांच्या गावात त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि एका छोट्या पक्षाच्या शाखेच्या चिटणीस होत्या. त्या पक्षाचं आणि गावाचं नाव इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेल. लष्कर आल्यावर त्या मिझोराममार्गे निघाल्या आणि आता कोलकात्याच्या बऊबाजारात एका ओळखीच्या कुटुंबाकडे राहत होत्या. त्यांच्याकडे आडनाव नसतंच, हे कळल्यावर गुरुदत्तांना दोन दिवस झोप लागली नाही. "मग अकारविल्हे लावायचं कशावरून?" आणि मीनाताईंचा प्रश्न वेगळाच. "आडनाव नाही, मग लग्न होऊन बदलायचं काय?"

"काहीच नाही," खिन मे इंग्रजीत म्हणाल्या.

"सुखी आहात," मीनाताई मराठीतच म्हणाल्या, आणि ते त्यांना बरोबर कळलं.

कार्डं भरली की नूपुर ती घेऊन बसायची आणि कोपऱ्यातला शब्द बघून इंग्रजी यादीत नाव टाकायची. आजोबांचं अक्षर म्हणजे छापील. त्याच अक्षरावर ती वाचायला शिकली होती. डिसेंबरच्या मध्याला यादी पुरी झाली. तिचा वरिष्ठ शंतनु मुखर्जी याला तिनं ती शुक्रवारी पाठवली. सोमवारी सकाळी सहाला ती संस्थेच्या संकेतस्थळावर आपोआप जाणार, अशी त्यानं व्यवस्था करून ठेवली.

रविवारी मीनाताईंनी खिन मेंना जेवायला बोलावलं. मुंबईहून आलेल्या वालांचं बिरडं होतं. मोड आलेले वाल बघून खिन मे खूश झाल्या. त्यांच्याकडे सकाळी भाताबरोबर अशीच मोडाची कडधान्यं खातात म्हणे. जेवता जेवता नूपुरनं कौतुकानं यादी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्या एका बोटानं खाली खाली जात होत्या. मग बोट थांबलं.

"हा आमचा पक्ष."

"हो!" नूपुर म्हणाली.

"इथे लिहिलंय, उठावात सामील."

खिन मेंनी चमचा ताटात ठेवला, अगदी आवाज न करता.

"आमच्याकडे बंदूक नव्हती, सर. एक कॅरम होता. पुस्तकांचं एक कपाट होतं. कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर माझी धाकटी बहीण राहते. अजून राहते." मग म्हणाल्या, "अशा याद्या तेसुद्धा वाचतात."

गुरुदत्त हात न धुताच उठले. खणातून बरोबर ते कार्ड काढलं, एका क्षणात.

"हे काय, 'बंद' लिहिलंय! मी बंद लिहिलंय."

नूपुरनं कार्ड बघितलं. "आजोबा, हे बंड आहे."

"बंद आहे."

"आजी, तू बघ."

मीनाताईंनी चष्मा लावून कार्ड उजेडाकडे धरलं. त्यांना नवऱ्याची बाजू घ्यायची होती हे चेहऱ्यावर दिसत होतं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "बंडच दिसतंय की हो."

आणि मग गुरुदत्तांनाही दिसलं. द ची जी शेपटी खाली उतरायला हवी, ती उतरलीच नव्हती. गेल्या वर्षभरात हात किंचित थरथरायचा, पेन उचललं जायचं थोडं आधी. शेपटीवाचूनचा द म्हणजे ड. चौतीस वर्षं ज्या माणसानं कारकुनांना अक्षरावरून बोल लावले, त्यानं एका शेपटीच्या फरकाचे दोन शब्द शेजारशेजारच्या कप्प्यांना दिले होते, आणि त्यातली एक शेपटी त्याच्या हाताला झेपत नव्हती.

"किती कार्डं असतील अशी?" नूपुरचा आवाज बारीक झाला होता.

"शंतनुला फोन लाव."

शंतनुचा फोन बंद होता. रविवारी तो घराजवळच्या तळ्यावर गळ टाकून बसायचा आणि फोन घरी ठेवायचा, हे सगळ्या संस्थेला माहीत होतं. यादी तो सोडून कुणाला थांबवता येत नव्हती.

"घर कुठे त्याचं?"

"शिबपूरला. हावड्याकडे."

"चल."

"अहो, हात तरी धुवा," मीनाताई म्हणाल्या. त्यांनी बंद आणि बंड अशी दोन्ही कप्प्यांतली कार्डं कापडी पिशवीत घातली आणि वर पाण्याची बाटली ठेवली. खिन मेंना म्हणाल्या, "तुम्ही बसा इथे माझ्याजवळ. ते हरवत नाहीत काही." यावेळी तो टोमणा नव्हता.

बसनं दोघं बाबूघाटाला आली. रविवारची दुपार, किल्ल्यासमोरच्या मैदानात ठिकठिकाणी क्रिकेट चाललेलं. हावड्याच्या लाँचवर पिशवी मांडीवर घट्ट धरून गुरुदत्त बसले. नूपुर पाण्याकडे बघत होती.

"मला विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मला दोनतीनदा वाटली होती शंका."

"मग का नाही विचारलंस?"

"तुमचं अक्षर, आजोबा! तुमच्या अक्षराला मी कसं विचारणार?"

गुरुदत्तांना यावर राग यायला हवा होता की बरं वाटायला हवं होतं, ते त्यांना ठरवता येईना. ते म्हणाले, "आमच्याकडे एक मित्रबाबू होते. साहेबाची सही वाचता आली नाही तर सरळ साहेबाकडे जाऊन विचारायचे, आपण हे काय लिहिलंत? आम्ही सगळे त्यांना हसायचो."

शंतनुच्या घरी त्याची आई होती. तिनं बंगाली रीतीनं आजोबांना "दादू, बसा, बसा" करत दोघांपुढे संदेश मिठाई ठेवली आणि शेजारणीकडून तळ्यावर निरोप धाडला. शंतनु आला तो गळ खांद्यावर, हात रिकामे. सगळं ऐकून त्यानं पँटला हात पुसले.

"मी थांबवू शकतो, दादू. पण एक ओळ चुकली आहे की यादी चुकली आहे? बुधवारी ही यादी घेऊन तीन ठिकाणी लेख छापले जाणार आहेत. किती नावं बदलायची ते सांगा, आत्ता बदलतो."

गुरुदत्तांनी पलंगावर कार्डं मांडली. खिडकीकडे तोंड करून एकेक हातात घेतलं. खालच्या नोंदी वाचल्या की बहुतेकांचा निकाल लागत होता. हा बंद, हाही बंद, हा बंड बरोबर आहे. पाच कार्डं त्यांनी वेगळी काढली. उरली दोन. दोन्हींच्या खाली नोंद तुटपुंजी, एकेक ओळीची, आणि कोपऱ्यात ते अक्षर. त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, उलटं करून मागून शाईचा दाब बघितला.

शंतनु म्हणाला, "बंद धरू या का? जास्त तर तेच आहेत."

"नाही."

"पण तुम्हीच लिहिलंय ना, दादू?"

"लिहिलं मीच." गुरुदत्तांनी कार्ड खाली ठेवलं. संदेशाची बशी तशीच होती. "पण काय लिहिलं ते मला वाचता येत नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. नूपुरनं मान खाली घातली. शंतनुची आई दारात उभी होती, तिला शब्द कळले पण त्यांचं वजन कळलं नाही, ती म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नंबर नाही हो, हात," गुरुदत्त म्हणाले. मग शंतनुकडे वळले. "आणि अंदाज नको. बंड न करणाऱ्याला बंडखोर म्हटलं तर त्याच्या घरी शिपाई जातील. पण जो लढतोय त्याला बंद म्हटलं, तर त्यानं हाय खाल्ली असं आपण जगाला सांगतो. तेही वाईटच."

शंतनुनं थोडा वेळ गळाची दोरी गुंडाळली. मग लॅपटॉप उघडला आणि यादी थांबवली. "एक आठवडा," तो म्हणाला. "लेखवाले शिव्या देतील, त्या मी खातो."

"खा हो, चावून खा," नूपुर पुटपुटली, आणि दुपारपासून पहिल्यांदा आजोबा हसले.

दुसऱ्या दिवशी खिन मे पुन्हा बेहाल्याला आल्या. टेबलावर सगळी कार्डं. त्या दोन कार्डांपैकी एका पक्षाची गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती: बंड, त्यांनी जाहीर पत्रक काढलं होतं. दुसऱ्याविषयी त्यांनाही माहिती नव्हती. त्यासाठी नवा कप्पा झाला. 'आम्हाला माहीत नाही.' कोपऱ्यात तीन शब्द, नियम मोडून.

मग त्यांच्या स्वतःच्या पक्षाचं कार्ड आलं. गुरुदत्तांनी इंग्रजीत समजावलं की हा शब्द बंद, म्हणजे पक्ष बंद झाला.

"कुणी बंद केला?" खिन मेंनी विचारलं. "आम्ही नाही केला. हजार सभासद गोळा करून आणा म्हणाले. माणसं जंगलात पळालेली, कुठून आणायची? तारीख गेली. ते आले, दाराला कुलूप घातलं आणि गेले."

गुरुदत्त एकदम पुढे सरकले. डोळे चमकले त्यांचे. "मीना, ऐकलंस? बंद पडला नाही तो, बंद पाडला! एक आपोआप, एक दुसऱ्यानं. अगं, एका कप्प्यात दोन जाती कोंबल्या होत्या मी. हा बंद पडला, हा बंद पाडला—"

"थांबा," मीनाताई म्हणाल्या. "पडला आणि पाडला? काल एका शेपटीनं काय झालं ते कमी होतं का, की आता एका कान्यावर देश उभा करताय?"

गुरुदत्त हवेत हात धरून तसेच थांबले. नूपुर तर खुर्चीत वाकून हसायला लागली. खिन मेंना काही कळलं नाही, तरी त्याही हसल्या.

शेवटी शब्द नूपुरनं काढले. आपोआप विझले ते 'विझला'. बाहेरून कुलूप पडलं ते 'टाळं'. कुणालाही कुणासारखं वाचता येऊ नये इतके वेगळे. आणि आजोबांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे ठेवलं. कोपऱ्यातला शब्द आता तिनं लिहायचा. तिची देवनागरी बंगाली वळणाची, गोलगोल, रेघेला लोंबकळल्यासारखी, पण टाळंचा ट हा टच दिसत होता. त्या दिवशी तिनं शहाण्णव कार्डं लिहिली. प्रत्येक शब्द लिहिला की ती मोठ्यानं वाचायची, आणि आजोबा खालची नोंद वाचून "बरोबर" म्हणायचे. दोनदा ते "थांब" म्हणाले, आणि सहा वेळा तीच थांबली आणि तिनं विचारलं.

खिन मेंच्या पक्षाच्या कार्डावर 'टाळं' लिहून झालं तेव्हा त्यांनी पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून एक पितळी किल्ली काढून कार्डावर ठेवली. कार्यालयाची. निघताना हातात होती, ती तशीच आली. दारातच बसवलेलं त्यांचं कुलूप अजून आहे; लष्कराचं बाहेरून.

"हे कुठे लिहायचं?" त्यांनी विचारलं.

गुरुदत्तांनी किल्ली बघितली, तिच्यावरचा आकडा बघितला. चौतीस वर्षांत अशी नोंद कधी आली नव्हती. नूपुरनं विचारलं नाही. कार्डाच्या खाली तारीख घालून लिहून टाकलं.

नव्या यादीतून गावं आणि पदाधिकाऱ्यांची नावं काढून टाकली होती. ती सोमवारी सकाळी सहाला जायची होती. रविवारी संध्याकाळी शंतनुचा फोन आला. यावेळी फोन त्याच्याजवळ होता.

"दादू, सगळं ठीक आहे. पण शेवटी एक नवाच रकाना दिसतोय. 'किल्ली आहे की नाही.' हे काय आहे?"

"किती पक्षांपुढे 'आहे' लिहिलंय?" गुरुदत्तांनी विचारलं.

"एकाच."

"आणि बाकीच्यांपुढे?"

"'आम्हाला माहीत नाही.'"

"मग बरोबर आहे," गुरुदत्त म्हणाले. "राहू दे. विचारत जाऊ."